दोघे किंवा तिघे

"तू मास्तरीण मां? मगे येशून चर्च काढूक खंय सांगल्यान, ता माका शास्त्रात दाखव."

दादाने हे विचारलं तेव्हा आम्ही त्याच्या पडवीत बसलो होतो. जूनचा शेवट होता. पागोळ्यांचा आवाज इतका होता की त्याला प्रश्न दोनदा विचारावा लागला. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याचं सगळं आयुष्य चर्चच्या आवारात गेलं. शब्बाथ शाळेत मुलांना त्याने शिकवलं, उपासनेला पेटी वाजवली, नाताळात माडावर चढून चांदणी लावली. तीन वर्षांपूर्वी आवारातल्या जमिनीच्या एका तुकड्यावरून वाद झाला. दादाने हिशेब मागितला, आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी त्याला भाकर आणि प्याला दिला गेला नाही. कोणतं चर्च, कोण माणसं, ते मी इथे लिहिणार नाही. त्यातली काही मला लहानपणापासून ओळखतात आणि मी त्यांच्यासाठी अजून प्रार्थना करते.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी दादाच्या पडवीत आठ-दहा माणसं जमतात. कोणी पाळक नाही, कमिटी नाही, वर्गणी नाही. दादाचं म्हणणं असं, की शास्त्राला एवढंच हवं आहे. 'जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे मी आहे', हे प्रभूचं वचन. बाकी सगळं माणसांनी नंतर जोडलेलं.

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर बायबल काढलं आणि पुढचे बरेच महिने हा प्रश्न माझ्यासोबत राहिला. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं मोजकीच. त्यातही एकेक घर असं बाजूला होत चाललं असेल, तर हा प्रश्न वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

दादाचं एका अर्थी बरोबर आहे. 'चर्च' हा इंग्रजी शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ 'प्रभूचं', म्हणजे प्रभूचं घर. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, जमलेल्या लोकांसाठी जो शब्द येतो तो वेगळाच आहे, एक्लेसिया. ग्रीक शहरांत नागरिकांची सभा भरायची, ती एक्लेसिया. इफिस शहरात देमेत्रिय नावाच्या सोनाराने लोकांना चिथावलं, नाट्यगृहात झुंबड उडाली, आपण कशासाठी जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात त्या गोंधळालासुद्धा एक्लेसियाच म्हटलं आहे. इतका तो साधा शब्द.

आपल्या मराठी बायबलात त्यासाठी 'मंडळी' आहे, आणि याहून चांगला शब्द सापडला नसता असं मला वाटतं. या मंडळी, बसा. घरची मंडळी काय म्हणतात? जेवायला किती मंडळी आहेत? यात भिंत नाही, छप्पर नाही, नुसती माणसं आहेत. सावंतवाडीकडची कॅथलिक माणसं चर्चला 'इगर्ज' म्हणतात. तो पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला आणि इग्रेजा आली लॅटिनमार्गे एक्लेसियावरून. म्हणजे मूळ अर्थ सभा, पण आज इगर्ज म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरा दर्शनी भाग आणि घंटा उभी राहते. वर वसईला तर जुनी माणसं सरळ 'देऊळ' म्हणतात. माणसांसाठी असलेला शब्द दगडाला कसा चिकटत जातो, ते आपल्या किनाऱ्यावर कानाने ऐकता येतं.

चारही शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, चाळली तर येशूच्या तोंडी एक्लेसिया फक्त मत्तयात येते, १६व्या आणि १८व्या अध्यायात. मार्क, लूक, योहान यांत एकदाही नाही. देवाचं राज्य मात्र पानोपानी. १६व्यात तो पेत्राला म्हणतो, 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन'. खडक म्हणजे पेत्र स्वतः की येशू हाच ख्रिस्त अशी त्याने दिलेली कबुली, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शतकानुशतकं भांडले आहेत, आणि तो वाद मी इथे मिटवू शकत नाही. माझं लक्ष क्रियापदाकडे जातं. 'रचीन' म्हणणारा तो स्वतः आहे. तुम्ही रचा, असं तो सांगत नाही. तेव्हा दादाच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं तर असं: चर्च काढा, अशी आज्ञा येशूने शिष्यांना दिलेली मला कुठेही सापडली नाही. शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा, माझ्या स्मरणार्थ हे करा, एकमेकांवर प्रीती करा, या त्याच्या आज्ञा. पण यांतली एकही एकट्याने पाळता येत नाही. स्वतःच्या हाताने कोणी स्वतःला बाप्तिस्मा देत नाही.

आता दादाचं आवडतं वचन. 'दोघे किंवा तिघे' हे मत्तयाच्या १८व्या अध्यायातलं २०वं वचन. इतकी वर्षं मी ते ऐकत आले, पण ते कुठे बसलं आहे हे या पावसाळ्यातच नीट पाहिलं. त्याच्या पाचच वचनं आधी येशू सांगतो, की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून समजाव. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षीदार असतील. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. शुभवर्तमानांत मंडळी हा शब्द दुसऱ्या आणि शेवटच्या ठिकाणी येतो तो इथे. आणि त्यानंतर येतात ते दोघे किंवा तिघे. म्हणजे हे वचन भांडणाच्या मधोमध उभं आहे. मंडळी नको असलेल्यांना सोपी वाट दाखवण्यासाठी ते आलेलं नाही. दुखावलेल्या माणसाला त्याचं म्हणणं मांडायला जागा असावी, त्याला साक्षीदार मिळावेत, म्हणून ही सगळी योजना. एकांतात कोण भेटेल, नंतर कोणाला न्यायचं, शेवटी कोणापुढे मांडायचं, याची पायरीपायरीने घडी घालून दिली आहे. घडी म्हणजे व्यवस्थाच.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माका खंय कोणी एकांतात गाठलो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला कोणीच गाठलं नव्हतं. पहिली पायरी नाही, दुसरी नाही, एकदम टेबलावरून उठवलं. शास्त्राने घालून दिलेली घडी मोडली ती शास्त्राचं नाव घेणाऱ्यांनी.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दादा मला रापणीला न्यायचा. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जाते, जाळं सोडत अर्धा गोल घेते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसांच्या दोन रांगा. बाप्ये, बायका, पोरं, वाटेने जाणारा एखादा पाहुणासुद्धा. वाळूत टाचा रुतवून, एका तालावर मागे मागे जायचं. मागचा माणूस वर पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याशी येऊन धरतो. दोर ओला, काथ्याचा, तळहात सोलून काढणारा. एका रांगेने घाई केली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते, म्हणून मधे उभा राहून एक जण दोन्हीकडे हात करत ओरडत असतो. शेवटी पेडवे, बांगडे, खेकडे, सगळं एकत्र वाळूवर येतं. निवड होते आणि वाटे पडतात. आम्हा पोरांच्या ओंजळीतही चार पेडवे पडायचे, कारण दोराला हात लावला होता.

पेत्र आणि अंद्रिया मत्तयात पहिल्यांदा दिसतात तेव्हा समुद्रात जाळं टाकत असतात. तिथला ग्रीक शब्द फेकजाळ्याचा आहे, आपल्याकडचा पाग. पाग गुडघाभर पाण्यात उभं राहून एकट्यानेही टाकता येतो. पुढे १३व्या अध्यायात येशू स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा देतो, तेव्हा शब्द बदलतो. तिथे 'सागेने' आहे, आणि नव्या करारात तो एवढ्या एकाच जागी येतो. सागेने म्हणजे ओढजाळं. भरल्यावर ते किनाऱ्याला ओढतात आणि बसून चांगलं भांड्यांत जमा करतात, असं वर्णन आहे. रापणच ती. आता हा दाखला शेवटच्या निवाड्याचा आहे, मंडळीचा नाही, आणि त्यावरून कोणतीही संस्था सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी पागवाल्या दोन भावांना ज्याने बोलावलं, त्याला राज्याबद्दल सांगताना रापण आठवली, हे मी विसरू शकत नाही. रापणीला भिंती नसतात. पण कोणी कुठे उभं राहायचं, हे ठरल्याशिवाय रापण होत नाही.

माझं खरं उत्तर मला शास्त्राआधी बाबांच्या ट्रंकेत मिळालं. बाबा मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, होते आणि बरीच वर्षं खजिनदार. त्यांच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी होती. आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकाला तांदूळ काढताना आई मूठभर बाजूला टाकायची. रविवारी त्या मुठींची पिशवी चर्चला जायची. पिशव्या कुठे जायच्या हे मला मोठं होईपर्यंत माहीत नव्हतं. ते त्या चोपडीत होतं. डावीकडे नावं, बहुतेक विधवा बायकांची, दोन म्हाताऱ्या पुरुषांची. उजवीकडे किती शेर, कोणत्या तारखेला, कोणी पोचवले. एका जुलैच्या पानावर तळाशी शिसपेन्सिलने एक नाव घातलेलं, आणि त्याच्यापुढे शाईने, जरा दाबून: 'राहून गेलं. आजच पोचवणे.' खाली त्याच दिवसाची तारीख आणि बाबांची सही. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, आमच्या वाडीचा व्हाळ, म्हणजे ओढा, तेव्हा पायी ओलांडता येत नाही. बाबा त्या दिवशी साकवावरून, त्यावरच्या छोट्या पुलावरून, गेले असणार.

प्रेषितांच्या कृत्यांचा ६वा अध्याय मी अनेकदा वाचला होता, पण तो मला समजला त्या पानावर. यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढली आणि ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवा राहून जातात. बारा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातून सात जण निवडा. निवडलेल्या साताही जणांची नावं ग्रीक आहेत, स्तेफनापासून निकलावापर्यंत. तक्रार ज्यांची होती त्यांच्याच हातात वाटप सोपवलं. मंडळीत पहिल्यांदा कामाची वाटणी झाली, निवड झाली, डोक्यावर हात ठेवून नेमणूक झाली, ती या कारणाने. कोणाची तरी भाकर राहून गेली होती.

मग मी पुढे वाचत गेले तशा चोपड्या दिसायलाच लागल्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात विधवांच्या यादीचा उल्लेख आहे, साठ वर्षांखालच्या विधवेचं नाव त्यात घालू नये इतक्या बारकाव्यानिशी. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी बाजूला ठेवावं. आणि त्यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात, यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेला पैसा नेताना मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ बरोबर घेतो, का, तर देवापुढेच नाही तर माणसांपुढेही आपला व्यवहार स्वच्छ असावा म्हणून. हे बाबांचं आवडतं वचन होतं. हिशेब मागणारा दादा या वचनाच्या बाजूने उभा होता, आणि त्याला बाहेर काढणारे त्याच्याविरुद्ध.

वडील, अध्यक्ष, सेवक ही पदंही पत्रांत आहेत, गावोगावी वडील नेमावेत असं तीताला सांगितलं आहे, याबद्दल वाद नाही. पण कोणाच्या हाताखाली कोण, बिशप असावेत की वडिलांची सभा की प्रत्येक मंडळीने आपलं आपण ठरवावं, याचा एकच ठरीव आराखडा नव्या करारात मिळत नाही. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा या तिन्ही रीतींना तिने आपल्यात जागा दिली. तिन्ही बाजू आधार देत होत्या तो त्याच पत्रांतून.

इमारतीचं तर शास्त्रात काहीच नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरची मंडळी, नुंफेच्या घरची मंडळी, फिलेमोनाच्या घरची मंडळी, असेच उल्लेख. सिरियात दुरा-युरोपस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं, आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती उपासनास्थळांपैकी एक. साधं राहतं घर. दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठी खोली केलेली आणि एका बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. माजघर आणि पडवी एक करावी तसं. दादाची पडवी या घराच्या फार जवळची आहे, हे मी त्याला मनापासून सांगितलं.

पण जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हत्याराने हवा तसा तासता येतो. वारा लागला की घट्ट होत जातो. आमची घरं त्याच घट्टपणावर उभी आहेत, आणि एकदा घट्ट झालेला चिरा पुन्हा तासायला गेलं तर तुटतो. सात जणांची ती निवड ओली होती. शतकं गेली, रोमच्या बादशहांचा आश्रय मिळाला, पदं घट्ट झाली. हे होणार याची धास्ती शास्त्रातच आहे. परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, असं येशूने आधीच बजावलं होतं. योहानाचं तिसरं पत्र अवघं एका पानाचं. त्यात दियत्रफेस नावाचा माणूस आहे, ज्याला सगळ्यांत पुढे असण्याची हौस. तो पाहुण्या बंधूंना घेत नाही, आणि घेणाऱ्यांना मंडळीतून घालवून देतो. पहिल्या शतकाच्या आसपास! दादाला मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. 'मी बाहेर आहे' असं समजणाऱ्या माणसाला कळावं, की त्याची गोष्ट शास्त्राने लिहून ठेवली आहे, आणि लिहिणाऱ्याने दियत्रफेसाची बाजू घेतलेली नाही.

दादाचा प्रश्न या मातीत नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये ते सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार. १९१९ मध्ये ते गेले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण पुरोहितांच्या एका जुवातून सुटून दुसरं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या आणि तसं त्यांनी तिथल्या भगिनींना पत्रांतून स्पष्ट कळवलं. त्याच रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या. इतक्या मुलींना रोज जेवू घालायचं, शिकवायचं, आजारी पडल्या तर पाहायचं, ते यादीशिवाय, नेमून दिलेल्या कामाशिवाय झालं नसणार. टिळकांनाही दरबारच हवा होता, एकांत नाही. सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांकडे मी असं पाहते. त्यांनी जमणं सोडलेलं दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी मी दादाकडे गेले. पडवीच्या पायरीवर चपला, ट्यूबलाइटभोवती पाखरं. दादाने पेटीवर सूर धरला, दोन गीतं झाली, मग प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं, लावदिकीया शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचलं. 'पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे.' हे वचन आम्ही नेहमी एकेका माणसाच्या मनाच्या दाराबद्दल वाचतो. दादा म्हणाला, हे पत्र मंडळीला आहे, म्हणजे प्रभू मंडळीच्याच दाराबाहेर उभा आहे. मला त्याचं म्हणणं पटलं. मी म्हटलं, तो दार ठोकतोय दादा, निघून गेलेला नाही.

प्रार्थना संपल्यावर चहा आला. तेव्हा दादाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "म्हातारी नाय इली ती?"

खालच्या वाडीत एकटीच राहणारी आजी. कोणी म्हणालं, मला वाटलं हे आणतील. ते म्हणाले, मला वाटलं ती तुमच्याबरोबर येईल. गेल्या रविवारीही आली नव्हती, असं मग कोणाच्या तरी लक्षात आलं. दादा उठला. वहिनीने डब्यात पेज आणि थोडं लोणचं भरलं. दादाने शेजारच्या पोराच्या हातात डबा आणि बॅटरी दिली, आणि ती झोपली असली तरी उठव, बरी असल्याचं तिच्याच तोंडून ऐकून ये, असं सांगितलं.

पोरगं पाणंदीत उतरलं. साकवावर बॅटरीचा उजेड दिसेपर्यंत दादा पायरीवरच उभा होता. मग आत आला, पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाला, "फुडल्या आयतारी तिका कोण हाडतलो, ता आताच ठरवया."